वाजली का?

पगारे सिस्टरांचा कुणाच्याही "हो, कळलं"वर विश्वास नव्हता. पेशंट मान डोलवायला लागला की त्या म्हणायच्या, "कळलं ना? मग करून दाखव."

नाशिकला द्वारका चौकाजवळच्या आमच्या दम्याच्या दवाखान्यात त्या नर्स आणि मी नवी फार्मासिस्ट. माझ्या काउंटरला काच होती. माझ्यासारख्या लाजाळू मुलीची मोठीच सोय. बोलावं लागू नये म्हणून मी खोक्यावर सुबक इंग्रजीत लिहायचे, 'वन कॅप्सूल, ट्वाइस डेली'. अक्षर इतकं सुंदर, की ते पेशंटला वाचता यावं ही अपेक्षा मला क्षुद्र वाटत असावी.

सिन्नरच्या मंदाबाई झेंडू लावायच्या. दोन महिने औषध घेऊनही त्यांची धाप कमी होईना. शेवटी डॉक्टरांनी डोस वाढवला आणि फुलांचं काम सोडायला सांगितलं. त्या बाहेर आल्या त्या रडवेल्या होऊन.

"फुलं सोडून... खाऊ काय, सिस्टर?"

"आधी औषध कसं घेता ते दाखवा."

मंदाबाईंनी पिशवीतून कॅप्सूल काढली, तोंडात टाकली आणि वर घटाघटा पाणी प्यायल्या.

"आणि ते ओढायचं यंत्र?"

"ते हाय की घरी. नवंकोरं ठेवलंय."

त्या कॅप्सूलमधली पावडर यंत्रातून श्वासाबरोबर ओढायची असते. डॉक्टरांना वाटलं, मी सांगितलं असेल. मला वाटलं, सिस्टरांनी. आणि औषध सुरू झालं त्या आठवड्यात सिस्टर रजेवर होत्या! आता त्यांनी डॉक्टरांना बाहेर बोलावलं, मला काचेमागून काढलं.

"दाखव गं स्कॉलर, कसं घ्यायचं."

परीक्षेत या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मिळाले होते. मी सॅम्पलचं यंत्र तोंडाला लावलं आणि घाबरून जोरात फुंकलं. सगळी पावडर माझ्याच ॲप्रनवर.

मंदाबाई धापा टाकत हसल्या, "हिला बी... कोणी शिकवलं नाय वाटतं!"

"फुंकायचं नाही, ओढायचं," सिस्टर म्हणाल्या. "आत कॅप्सूल खुळखुळली पाहिजे. वाजली नाही, तर औषध गेलं नाही."

डॉक्टरांनी वाढवलेला डोस गुपचूप खोडला. दसऱ्याला मंदाबाई झेंडूची टोपली घेऊन आल्या आणि मध्ये दम न घेता भावावरून घासाघीस करत बसल्या.

यंदा सिस्टर निवृत्त झाल्या. निघताना म्हणाल्या, "आता कोण ऐकणार?"

"मी," मी म्हटलं.

"काय? मलाच ऐकू आलं नाही!"

हल्ली मी काच सरकवून पेशंटला यंत्र ओढून दाखवायला लावते आणि कान देऊन बसते. आतून डॉक्टर विचारतात, "वाजली का?"

आणि भरल्या दवाखान्यात मी चक्क ओरडते, "वाजली!"