तुळशीपुढचं गाऱ्हाणं

शेजारच्या आजोबांची नात चार वर्षांची झाली तरी बोलेना. स्पीच थेरपीच्या बाई म्हणाल्या, खेळातून बोलतं करा. कापूस फुंकून झाला, आरशापुढे जीभ नाचवून झाली. मग आजोबांनी आपलाच खेळ काढला. रोज तिन्हीसांजेला तुळशीपुढे गाऱ्हाणं घालायचे, "चेडवाक वाचा दी रे म्हाराजा!" आणि नातीच्या "व्हय म्हाराजा"साठी थांबायचे. ती नुसतं "व्ह" करायची.

"मोठ्यान म्हण गो बाय," ते म्हणायचे.

शिमग्याच्या सुमारास ती स्पष्ट म्हणाली. बोलायला लागली, म्हणून आईवडील तिला शाळेसाठी मुंबईला घेऊन गेले.

आजोबा अजून गाऱ्हाणं घालतात आणि थांबतात. काल मला ते थांबणं सोसवेना. कुंपणाआडून मी हळूच म्हटलं, "व्हय म्हाराजा."

वळून न बघताच ते म्हणाले, "मोठ्यान म्हण गो बाय."