पोलादी तारा

बाईंच्या डाव्या हाताला मी किती जपलं, हे मी कुणाला सांगत नाही. सांगितलं तर पुढचंही सांगावं लागतं.

माझं गाव आरमोरीच्या बाजूला. सातवीत शाळा सुटली, आणि कामाच्या मागं फिरत फिरत मी भवानीनगरला पोचले. बाई रिटायर झालेल्या शिक्षिका. यजमान गेलेले, मुलगा पुण्यात. झटका येऊन त्यांची डावी बाजू लुळी पडली, तेव्हा स्वयंपाकाला आणि सोबतीला मला ठेवलं. दुपारी त्या मला लिहायला बसवायच्या. आज चार ओळी सरळ लिहिता येतात त्या बाईंमुळं.

व्यायाम करून घेणाऱ्या मॅडम दर गुरुवारी बारामतीहून यायच्या. बोटांना चाळा हवा म्हणाल्या, म्हणून मुलानं युकुलेले आणून दिलं. कडेवरच्या बाळाएवढी, चार तारांची गिटार. तारा नायलॉनच्या, मऊ. उजव्या हातानं छेडायचं, डाव्या बोटानं दांडीवर तार दाबायची. पहिला महिना नुसती थडथड. मग एक दिवस एका बोटाचा सूर स्वच्छ वाजला. "ऐकलंस?" बाई म्हणाल्या, आणि कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी तोच वाजवत बसल्या.

उन्हाळ्याच्या तोंडाला एक तार तुटली. मी बारामती गाठली. दुकानदार म्हणाला, नायलॉनची मागवावी लागेल, आठ-दहा दिवस लागतील. तेवढे दिवस बोटं रिकामी राहिली आणि आखडली तर? माझा जीवच असा, आधी वाईट तेच दिसतं. गिटारच्या पोलादी तारा होत्या, त्या घेतल्या. एकच वेगळी नको म्हणून चारही बदलल्या. ढिल्या असल्या की फडफडायच्या, म्हणून घरातल्या पेटीच्या सुराला लागेपर्यंत खुंट्या पिळल्या. आवाज कसा खणखणीत आला. "हुशार आहेस गं," बाई म्हणाल्या. त्या एका शब्दावर मी दोन दिवस तरंगत होते.

पंधरा-वीस दिवसांत बाईंना तार दाबवेना. बोटांच्या टोकांवर वळ उठायला लागले. मॅडमनी हात पाहिला, म्हणाल्या, मूठ तर वळतेय, थकवा असेल. बाईंना ते पटलं नाही. त्यांनी हाताची परीक्षा त्या एका सुरावर लावली होती.

"पोरी, हात परत चाललाय माझा."

मी तेल चोळायचे, कणकेचा गोळा दाबायला द्यायचे. माझं मन राखायला म्हणून त्या दाबायच्या. जूनमध्ये त्यांनी युकुलेले कपाटावर ठेवायला सांगितलं. पुढं कणीकही सोडली. मॅडमना येऊ नका म्हणून कळवलं. हात पदरात घेऊन बसून राहायच्या. मुलाला फोनवर म्हणाल्या, आता माझं इथं निभत नाही. त्यानं दिवाळीनंतर पुण्याला न्यायचं ठरवलं. माझं काय, हे मी विचारलं नाही. ज्यांनी एवढं दिलं त्यांना ते कसं विचारायचं?

गणपतीच्या आधी पेटीचा भाता फाटला म्हणून बारामतीचे एक म्हातारे पेटीवाले घरी आले. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. बाई आत झोपल्या होत्या. तात्यांची नजर कपाटावर गेली. युकुलेले खाली घेऊन त्यांनी सुतार फळी बघतो तशी दांडी एक डोळा मिटून पाहिली. मग मला बघायला लावलं. दांडी तारांकडं वाकली होती, धनुष्यासारखी. मधोमध तारेखालून माझी करंगळी जात होती.

"पोलादी कुणी चढवल्या?"

दुकानात ह्याच होत्या, मी म्हणाले.

"मोठ्या गिटारीच्या दांडीत लोखंडी सळई असती, ती वढ सोसती. हितं नुसतं लाकूड हाय. वाकंल न्हाय तर काय?" त्यांनी स्वतः तार दाबून पाहिली. "माझ्याच्यानं दबंना, बाईंच्यानं काय दबायची? हाताला कायबी झालेलं न्हाय त्यांच्या."

तात्या युकुलेले घेऊन गेले. मी दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी पानात आमटी वाढताना सगळं सांगून टाकलं. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे तेव्हा हात चांगला होता," त्या म्हणाल्या. भात कालवता कालवता म्हणाल्या, "मग मी का सोडलं गं?"

तात्यांनी तारा उतरवून, दांडीला ऊब देऊन, शिकंज्यात आवळून ती पंधरा दिवस ठेवली. नायलॉनच्या तारा घातल्या. युकुलेले परत आलं. बाईंनी तारेवर बोट ठेवलं. ते पेरापर्यंत वळलं आणि तिथंच अडलं. तीन महिने पदरात राहिलेलं बोट. थडथड झाली.

दिवाळी तोंडावर आलीय. रोज दुपारी वाजवायच्या आधी बाई युकुलेले माझ्या हातात देतात. मी एक डोळा मिटून दांडी बघते, सरळ आहे म्हणून सांगते. मग त्या बोट ठेवतात. अजून थडथडच होते.

काल म्हणाल्या, "नीट बघ. वाकली असेल परत."

मी खिडकीपाशी उजेडात जाऊन पुन्हा पाहिलं. दांडी सरळच होती.