प्रतिक्षाने घडवलेली धुरपता

दिघोरीत प्रतिक्षा टेंभुर्णे काय काम करते असे विचारले, तर दहा माणसे दहा उत्तरे देतील. कोणी म्हणेल कम्प्युटरचे, कोणी म्हणेल कार्टूनचे. तिचे वडील बाबुलाल धानाच्या बांधीत उभे राहून सांगतात, "पोट्टी पुतळे बनवते, मातीबिगर." मला हेच उत्तर पटते. मी एकेचाळीस वर्षे झाडीपट्टीच्या नाटकांत कामे केली. खोटी माणसे उभी करणाऱ्यांशी माझे चटकन जमते.

प्रतिक्षा सत्तावीस वर्षांची. नागपूरला ॲनिमेशन शिकली, व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत पुण्याला दोन वर्षे राहिली आणि घरून काम करायची सोय होताच गावी परतली. मागच्या खोलीत टेबल, मोठा स्क्रीन आणि लाईट गेली तर अर्धा तास पुरणारी बॅटरी. सकाळी नऊला बसते, दुपारी उठून अंगणात वाळत घातलेले धान पायाने पालटते, पाय झटकते आणि पुन्हा बसते.

गेममधली माणसे दोन तऱ्हेने करतात, हे मला तिनेच समजावले. एक तऱ्हा हुबेहूब: कातडीवरच्या सुरकुत्या, डोळ्यांतला ओलावा, सगळे खऱ्यासारखे. दुसरी बदलून मांडलेली: डोके मोठे, हात लांब, रंग मोजके, पण पाहताक्षणी माणूस कळला पाहिजे. मी म्हटले, "हे भांडण आमच्याकडंही होतं, पोरी." आमच्या नाटक कंपनीत रंगवलेल्या पडद्यावरचे जंगल चालायचे. मग एका मालकाने रंगमंचावर खरी मोटारसायकल आणली. लोकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की तिच्यावर बसून आलेला मी कोणाला दिसलोच नाही.

गेल्या हिवाळ्यात प्रतिक्षाच्या कंपनीने नवा गेम काढला. गावात पूर येतो आणि खेळणाऱ्याने होडी घेऊन माणसे वाचवायची. तो हुबेहूब करायचा की बदलून, हे ठरत नव्हते, पण साहेबांचा कल हुबेहूबकडे होता. त्यांनी सगळ्या कलाकारांना एकेक म्हातारी करायला सांगितली. जिची किंवा ज्याची म्हातारी पसंत पडेल, तो माणसे घडवणाऱ्या गटाचा प्रमुख. प्रतिक्षाला ही जागा हवी होती. चार वर्षे ती दुसऱ्यांनी केलेल्या माणसांना चपला आणि टोप्या करून देत होती.

तिने आपल्या आत्याला, धुरपताबाईला, बसवले. धुरपताबाई म्हणजे बाबुलालची मोठी बहीण. शेजारीच एकटी राहते. हनुवटीवर गोंदण, उजव्या भुवईत जुनी खोक. आभाळ भरून आलेल्या एका सकाळी, चेहऱ्यावर सावली पडू नये म्हणून, तिला अंगणात पाटावर बसवून प्रतिक्षा मोबाईल घेऊन तिच्याभोवती फिरली. एकशे बारा फोटो काढले.

"हालू नको, आत्या."

"मी कुठं हालून राहिली? कोंबडी हालते थे."

"बोलू बी नको."

"बरं बाई. माह्या लग्नात तुह्या मामाजीनंही एवढं निरखून पाह्यलं नोतं मले."

त्या फोटोंवरून आठ दिवसांत स्क्रीनवर धुरपताबाई उभी राहिली. मी स्वतः पाहिली. गोंदणाचा निळसर हिरवा रंग, खोकेपाशी तुटलेले केस, पदर कानामागे खोचायची तऱ्हा. मोहल्ल्यातल्या बाया रांगेने येऊन पाहून गेल्या. "अवं मायबाई, हे तं बोलन आता!" खुद्द धुरपताबाई खुशीत होती. आल्यागेल्याला हात धरून आत नेत होती.

मग गेमचा छोटा तुकडा मोबाईलवर चालवून पाहायचा होता. प्रतिक्षाचा भाऊ धर्मेंद्र खेळायला बसला. धुरपताबाई त्याच्या खांद्यावरून पाहत होती, मी खाटेवर होतो. पाणी चढले. म्हातारी घराच्या छपरावरून हात हलवत होती. धर्मेंद्रची होडी झाडाला अडकली. म्हातारी घसरली, चेहरा एकदा पाण्यावर आला आणि खाली गेला.

"बुडवलं ना रे मले, लोभड्या!" धुरपताबाई हसली.

दुसऱ्यांदाही ती बुडाली. तिसऱ्यांदा धुरपताबाई हसली नाही.

"हे खेळ किती लोकं खेळतीन?"

"लाखभर तरी खेळतीन," धर्मेंद्र म्हणाला.

"म्हणजे लाख लोकं मले मारतीन, अन् मले मालूमही नाही पडणार."

"आत्या, थे तू नाही. चित्र हाये थे," प्रतिक्षा म्हणाली.

"मंग माहं गोंदण काहून हाये तिले?"

उत्तराची वाट न पाहता ती उठून घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी बाबुलाल डबा घेऊन गेले, तर डबा ठेवून घेतला, पण दार पुरते उघडले नाही.

प्रतिक्षाने गोंदण पुसले. खोक काढली. नाक थोडे बसवले. बाया पुन्हा पाहून गेल्या आणि म्हणाल्या, "आता धुरपताची बहीण दिसून राहिली." म्हातारी पाठवायला पाच दिवस उरले होते, तेव्हा प्रतिक्षा माझ्याकडे आली.

"आबाजी, तुमी नाटकात मरत होते, तवा घरचे काय म्हणत?"

मी तिला खरे तेच सांगितले. माझी बहीण जनाबाई लाखनीजवळच्या गावात दिलेली. एका नाटकात दुसऱ्या अंकाला माझा गळा दाबत. ते नाटक तिने चारदा पाहिले होते, शेंगा खात. पाचव्या खेपेला, तिच्याच गावात, आमची रंगाची पेटी पोचली नाही. चेहऱ्याला काहीही न लावता आम्ही उभे राहिलो. माझ्या गळ्याला हात लागला आणि जनाबाई चप्पल घेऊन रंगमंचावर चढली. "माह्या भावाले सोड!" लोक पोट धरून हसत होते. ती मात्र माझ्या गळ्यावरचे हात सोडवत होती, खरोखर.

"म्हणजे चेहऱ्यावर रंग पायजेच," प्रतिक्षा म्हणाली.

"असं नाही म्हणत मी. रंग होता तवा मरणारा दुसरा कोणी होता. त्या दिवशी तिचा भाऊच होता. एवढंच."

तिने जुनी म्हातारी बाजूला ठेवून नवी सुरू केली. ही भोपळ्यासारखी गोल, हात गुडघ्यापर्यंत, डोळे दोन टिंबे, लुगडे सपाट जांभळे. छपरावर उभी राहून हात हलवी तेव्हा नखशिखान्त हले. गावात कोणीच ती नव्हती, तरी पाहणारा म्हणे की अशी एक आपल्याही ओळखीची आहे. चार दिवसांत इतके करणे सोपे नाही. हुबेहूब करताना फोटो सोबत असतात. इथे काय टाकायचे आणि काय ठेवायचे, ते प्रत्येक वेळी तिनेच ठरवायचे होते.

साहेबांनी जुनी म्हातारी पाहिलेली होती. फोनवर ते म्हणाले, "प्रतिक्षा, पहिली पाठव. ती पाठवलीस तर मला दुसरं काही पाहायचीही गरज नाही." ती म्हणाली, तो चेहरा माझ्या आत्याचा आहे आणि तिची इच्छा नाही. साहेब म्हणाले, कागदावर अंगठा घे, पैसे दे, लोक देतात. तिने नवीच पाठवली. पहिलीच्या प्रती पुसून टाका असे लिहून पाठवले आणि पुसल्याचे उत्तर येईपर्यंत तीनदा विचारले.

गेम हुबेहूबच ठरला. प्रमुखाची जागा पुण्याच्या एका मुलाला मिळाली. साहेबांनी लिहिले, तुझी गोल म्हातारी सुंदर आहे, पण आपल्या खेळात बसत नाही. प्रतिक्षाकडे घरे आणि झाडे आली. ती ते कामही मन लावून करते. घर कितीदा बुडवले तरी घर रुसत नाही.

धुरपताबाईला तिने एवढेच सांगितले की खेळातून तुझा चेहरा काढून टाकला. नोकरीचे धर्मेंद्रच्या तोंडून गेले, महिनाभराने. त्या दुपारी मी बाबुलालकडे चहा पीत होतो. धुरपताबाई तरातरा आली. प्रतिक्षा अंगणात धान पालटत होती.

"माह्यापायी तुही मोठी जागा गेली? मले काहून नाही सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं?"

"हो म्हटलं असतं मी. घे म्हटलं असतं, बुडव किती बुडवाची थे."

"म्हणूनच नाही सांगितलं," प्रतिक्षा म्हणाली. तिचे पाय धानातून सऱ्या ओढतच होते.

"मोठी आली शायनी," धुरपताबाई म्हणाली. तिने चपला काठावर काढल्या आणि दुसऱ्या टोकाने धान पालटायला लागली.