मामेसासऱ्यांची डोलकाठी

साऱ्या बेंगळुरात समुद्र कधी न पाहिलेला, पोहता न येणारा आणि तरीही स्वतःला दर्यावर्दी समजणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझ्या नशिबी मामेसासरा म्हणून आला. तीन पिढ्या इथे कापड विकून त्यांची मराठी अर्धी कानडी झालेली. गल्ली त्यांना अण्णा म्हणे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझी इकडे बदली झाली, तेव्हा मामा राहत त्या मारतहळ्ळीच्या बाजूला मोकळी रानं आणि तळी होती. पहिल्याच रविवारी मामांनी जेवायला बोलावलं. जाऊन पाहतो तो, सभ्य माणसं दारात जिथे तुळस लावतात तिथे दोन ठोकळ्यांवर एक शिडाची होडी उभी! मामा स्टुलावर चढून डोलकाठीला मिठी मारून होते, दातांत दोरी. "या जावईबापू, एवढी स्वल्प ओढून धरा," म्हणाले. मी धरली. ती सोडायची परवानगी मिळाली साडेतीन वाजता, तोवर वरणावर साय आली होती.

ही होडी त्यांनी परदेशी निघालेल्या कुणा साहेबाकडून उचलली होती, त्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती. आठ वर्षांत तिला पाणी लागलं ते फक्त पावसाचं. दर रविवारी मामा शिडाच्या सगळ्या दोऱ्या सोडत आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा ओवत. शीड गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचं, दुकानातलं. कप्प्या कुठल्या, तर माजघरात ओले कपडे वाळत घालायच्या काठ्या वर-खाली करायला असतात ना, त्या! परिणामी काठ्या छतालाच चिकटून राहिल्या आणि बिचाऱ्या मामी स्टूल घेऊन साड्या वाळत घालू लागल्या. तेही स्टूल होडीपासून मोकळं असेल तर. एकदा शीड ताणून धरणारी दोरी म्हणजे चक्क मामींच्या परकराची नाडी आहे, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आणि जावयाच्या मर्यादेत राहून गप्प बसलो.

आणि हा खटाटोप कशासाठी? तर मामींना एकदा होडीत बसवून घरामागच्या तळ्याच्या पलीकडच्या काठाला न्यायचं, एवढ्यासाठी. मामांची ही इच्छा दूधवाल्याला ठाऊक होती, दुकानात ब्लाऊजपीस घ्यायला येणाऱ्या बायकांना ठाऊक होती. विचारलं नव्हतं ते फक्त मामींना. "अहो, एकदा विचारून टाका की," मी म्हणे. "थांबा हो, आधी बोट तर तयार होऊ दे," हे उत्तर ठरलेलं. दर वर्षी ते पाडव्याचा मुहूर्त जाहीर करत आणि दर पाडव्याच्या आदल्या दिवशी एखादी गाठ त्यांना पसंत पडत नसे. की सगळं सोडा आणि पहिल्यापासून ओवा! मामी येता-जाता "दारात मेलं हे धूड!" म्हणून पदर सावरत पुढे जात. त्या काही हो म्हणायच्या नाहीत, हे आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो.

मी आलो त्या पहिल्याच वर्षी डोलकाठीला वाळवी लागली. घरात तेवढी सरळ आणि उंच काठी एकच, गुढीची. "पाडव्याच्या आत परत करतो," असं मामांनी देवासमोर कबूल केलं, आणि मग पाचर काय, सरस काय, खिळे काय, अशी ठोकली की विचारू नका. आठ वर्षांत त्यांच्या हातून पक्की बसलेली ही पहिली वस्तू. पाडव्याच्या पहाटे मी आणि ते दोघे लोंबकळलो तरी काठी हलेना. मामी तबक घेऊन बाहेर आल्या, दोन मिनिटं आमची फजिती पाहिली आणि म्हणाल्या, "सरी सरी, ठीक आहे, राहू दे आता. दारातच आहे ना?" मग होडीत स्टूल ठेवून, त्यावर मला चढवून, त्यांची हिरवी रेशमी साडी, कडुलिंब, साखरेची माळ आणि वर पालथा तांब्या अशी गुढी डोलकाठीलाच उभी राहिली. साडीची गाठ बरोबर कप्पीवर आली.

गल्लीनं ते पाहिलं आणि समजायचं ते समजून घेतलं. तासाभरात दूधवाला बैलगाडी घेऊन हजर. "अण्णा, आज मुहूर्त लागला म्हणे, लागला अंते! चला!" मामांचा चेहरा पांढराफटक. "अरे, दोऱ्या अजून..." त्यांना कोण विचारतो! दहा जणांनी होडी उचलून गाडीवर ठेवली. तेव्हा मामी म्हणाल्या, "पूजा केलेली गुढी अशी एकटी पाठवतात का कुठे? थांबा, चपला घालते."

पूजेची गुढी आडवी करायची नाही, आणि रस्त्यावर विजेच्या तारा. दूधवाला पुढे वाळक्या बांबूनं एकेक तार उचलतोय, मागे देवाचं नाव घेत आम्ही. दोन फर्लांगांना दुपार उलटली. आम्हा तिघांना घेऊन होडी पाण्यात गेली तशी बुडातून पाणी वर आलं. उपसायला तांब्या मागितला तर तो गुढीवर, म्हणून मला मामींनी प्रसादाचं पातेलं दिलं. मामांनी आठ वर्षं ओवलेली दोरी ओढली; कप्पीत साडीची गाठ, पट्ट्यापट्ट्यांचं शीड वीतभरही चढेना. आणि मग वारा आला तो हिरव्या साडीत भरला आणि होडी आपली निघाली की हो!

तळ्याच्या मध्यावर मामांना राहवलं नाही. "तू बसशील असं वाटलं नव्हतं गं," ते म्हणाले. "नाही म्हणशील म्हणून विचारलंच नाही. बोट पुरी झाली असती तर विचारावं लागलं असतं. म्हणून मीच दर वेळी..." आणि त्यांनी हातातल्या दोरीची गाठ सोडून दाखवली.

"दर रविवारी वाटायचं, आज विचारतील," मामी म्हणाल्या. "स्वयंपाक आधी उरकून, चांगली साडी नेसून बसायचे मी."

आठ वर्षांचे रविवार! मान खाली घालून मी पाणी उपसत राहिलो. पलीकडचा काठ जवळ आला, तसे मामा उठू लागले. गुढी सूर्य मावळायच्या आत उतरवायची असते, आणि रीतभात म्हटली की मामी एरवी घटकेची सूट द्यायच्या नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी मामांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि मावळतीकडे पाहत म्हणाल्या, "अहो, अजून आहे थोडा दिवस." तसं त्या तीनदा म्हणाल्या.