उणे तीस अंशातली जर्सी

टिश्यूच्या पांढऱ्या कागदावर हिरवे दाणे पडले होते. खसखशीएवढे. मी चिमट्याने जर्सीची बाही जरा वर उचलली, तर आणखी काही घरंगळले. भिंग लावून पाहिलं. शिवणीच्या आत पांढरट काहीतरी होतं. ते हललं.

"रंग सुटतोय का?" ग्रासिएलाने विचारलं. ती टेबलाच्या पलीकडे, दोन्ही हात मागे बांधून उभी होती.

रंग सुटला असता तर बरं झालं असतं. ती कसर होती. म्हणजे लोकर खाणाऱ्या पतंगाची अळी, आणि जिवंत. हिरवे दाणे म्हणजे तिची विष्ठा. अळी ज्या रंगाची लोकर खाते, त्याच रंगाचे दाणे टाकते. दाणे ताजे होते.

मी आइंडहोवनजवळच्या एका छोट्या म्युझियममध्ये टेक्स्टाइल कॉन्झर्व्हेटर होते. जुनं कापड आहे तसं टिकवायचं, नवं करायचं नाही, असं ते काम. पुण्यात टेक्स्टाइल केमिस्ट्री शिकले, लग्नानंतर नवऱ्यामागून डिपेंडंट व्हिसावर इथे आले, दोन वर्षं डच शिकत घरी बसले आणि मग हे नव्याने शिकून घेतलं. २०१०नंतरच्या एका वर्षी आम्ही फुटबॉल आणि कारखाने या विषयावर एक प्रदर्शन करत होतो. त्यासाठी उरुग्वेतल्या एका क्लबने आपली सगळ्यात जुनी जर्सी उसनी दिली होती. तिच्यासोबत ग्रासिएला आली होती. आमच्या भाषेत तिला कुरिअर म्हणतात. मौल्यवान वस्तू एकटी पाठवत नाहीत, मालकाचा एक माणूस पेटीबरोबर विमानात बसून येतो. ग्रासिएला भूगोलाची निवृत्त शिक्षिका होती आणि क्लबची ट्रॉफीची खोली सांभाळायची. इंग्रजी मोडकंतोडकं, पण नेमकं.

मी माझ्या बॉसला, हेंकला, फोन केला. तो खाली आला, भिंगातून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पेटी कुठे उघडली?"

"हॉलमध्ये. फोटोग्राफर थांबला होता."

त्याने भिंग खाली ठेवलं. त्या हॉलमध्ये दुसऱ्या म्युझियममधून आलेल्या लोकरी टोप्या होत्या, झेंडे होते. सगळंच आता संशयित. प्रदर्शनाचं उद्घाटन पुढच्या आठवड्याच्या शेवटी, शुक्रवारी.

कसर मारायचे आमच्याकडे दोन मार्ग. एक, वस्तू हवाबंद पिशवीत ठेवून आतला ऑक्सिजन काढून टाकायचा. सुरक्षित, पण त्याला कित्येक आठवडे लागतात. दुसरा, उणे तीस अंशाच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवायची. साध्या लोकरीला फ्रीझरचा काही त्रास होत नाही.

ही जर्सी साधी नव्हती. छातीवर चामड्याचा तुकडा शिवला होता आणि त्यावर ऑइल पेंटने बैलाचं डोकं रंगवलेलं होतं. ऑइल पेंट एवढ्या थंडीत काचेसारखा होतो. हलवला नाही तर तसाच राहतो, वाकवला तर तडकतो. त्या बैलाच्या शिंगापाशी एक पापुद्रा आधीच सुटायला आला होता.

"फ्रीझर, नाहीतर पेटी आजच परत," हेंक म्हणाला. डच माणूस वाईट बातमी अशीच देतो, हवामान सांगावं तशी.

"परत पाठवली तर अळ्या प्रवासात खात राहतील," मी म्हणाले. "मी पापुद्रा चिकटवते. सपाट बोर्डवर बांधून ठेवू. थंड असताना कोणी हात लावायचा नाही, एवढीच अट."

पण मालकाची परवानगी हवी. मी ग्रासिएलाला कँटीनमध्ये नेलं, समोर कॉफी ठेवली आणि सगळं सांगितलं. पेंटचा धोकाही लपवला नाही. ती कपाच्या कडेवरून बोट फिरवत होती.

"ही जर्सी म्हणजे मुळात काय होतं, माहीत आहे तुला?" तिने विचारलं.

मग तिने क्लबची गोष्ट सांगितली. तिचं गाव नदीकाठी. तिथे मांस गोठवून युरोपला पाठवायचा मोठा कारखाना होता. कारखान्यातले इंग्रज कारकून दुपारी फुटबॉल खेळायचे. कामगारांना त्या मैदानावर पाय ठेवायची बंदी. ते कुंपणाबाहेरून बघायचे. मग त्यांनी गुरं उभी करायच्या पटांगणात स्वतःचा खेळ सुरू केला. शेणातच. टीमला कपडे हवे होते. शीतगृहात काम करणाऱ्यांना कारखान्याकडून जाड लोकरीचे सदरे मिळायचे, बाकी कोणाकडे सारखे कपडे नव्हतेच. बायकांनी ते सदरे घरी हिरवे रंगवले. कारखान्याची फाटकं रंगवणाऱ्या माणसाने चामड्यावर बैल काढून दिला. असा तो क्लब सुरू झाला.

"माझे आजोबा त्याच शीतगृहात होते," ती म्हणाली. "हा सदरा थंडीसाठीच विणलाय. लोकरीची मला भीती नाही. बैलाची आहे."

"मलाही," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. "सगळं ठीक होईल असं तू म्हणाली असतीस तर मी नाही म्हटलं असतं."

त्या दुपारी मी माशाचा सरस पातळ करून तो पापुद्रा चिकटवला. पेंट न दुखावता धरून ठेवणारा तो जुना उपाय आहे. जर्सी बोर्डवर सपाट ठेवली, भोवती मऊ कागद, वर प्लॅस्टिकची सीलबंद पिशवी. पिशवी अशासाठी, की बाहेर काढल्यावर हवेतलं पाणी जर्सीवर न बसता पिशवीवर बसावं. आमचा टेक्निशियन योस्ट आणि मी, दोघांनी ती फ्रीझरमध्ये उतरवली. टोप्या आणि झेंडे एकेक करून भिंगाखाली तपासले. ते सुदैवाने स्वच्छ निघाले, त्यामुळे दुसरा फ्रीझर रिकामाच राहिला.

मग वाट बघणं. हे या कामातलं सगळ्यात अवघड. मी रोज सकाळी न्यूनेनमधल्या घरून सायकलवर यायचे आणि कोट न काढता आधी फ्रीझरचा आकडा बघायचे. घरी जेवतानाही तेच डोक्यात. माझ्या आठ वर्षांच्या मुलीने एकदा विचारलं, "आई, इज द शर्ट डेड?" नवरा हसला. मला हसू आलं नाही.

ग्रासिएलाचं वेगळंच चाललं होतं. तिचा फोन सारखा वाजायचा, सगळे क्लबमधून. क्लब व्यावसायिक झाला, एकदा देशाचा विजेता झाला, मग कारखाना बंद पडला, गाव रिकामं होत गेलं. निम्मे समर्थक आता राजधानीत राहतात आणि मॅचला बसने येतात. टीम पहिल्या डिव्हिजनमध्ये कशीबशी टिकून होती आणि उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सीझनची शेवटची मॅच होती. हरले तर खाली. दर सीझनला नवे खेळाडू त्या जर्सीच्या काचेवर हात ठेवतात. या वेळी काचेमागे काहीच नव्हतं.

"क्लबचा प्रेसिडेंट म्हणतो, जर्सी देशाबाहेर गेली म्हणून आपण हरतोय," तिने सांगितलं.

"तू काय म्हणालीस?"

"पाठवायची सही त्याचीच आहे, एवढंच म्हणाले."

चौथ्या दिवशी मी मुलीच्या पोहण्याच्या क्लासला, काचेमागे इतर आईबापांबरोबर बसले होते. फोनवर फ्रीझरचा अलार्म आला. तापमान वाढतंय. मी योस्टला फोन लावला.

"कॉम्प्रेसर गेला," तो म्हणाला. "झाकण उघडलंय, हातमोजे घातलेत. बाजूच्या फ्रीझरमध्ये हलवतो."

"नको! झाकण बंद कर. हात लावू नकोस."

"मानसी, तो उणे चोवीसवर आलाय."

"बंद कर, योस्ट. प्लीज."

शेजारच्या आईला मुलीकडे लक्ष ठेवायला सांगितलं, नवऱ्याला मेसेज टाकला आणि सायकल काढली. वारा समोरून होता. माझ्या डोक्यात एकच चित्र होतं, बैलाचं डोकं दोन तुकड्यांत.

पोहोचले तेव्हा योस्ट आणि हेंक दोघं बंद फ्रीझरसमोर उभे होते.

"दुसरा फ्रीझर तीन पावलांवर आहे, आणि रिकामा," हेंक म्हणाला. "बोर्ड कडक आहे. दोघांनी उचलला तर काय होतंय?"

मी झाकण बोटभर उघडलं आणि टॉर्च मारला. पिशवीची एक कड आतल्या बाजूच्या बर्फाला चिकटून बसली होती.

"हे बघ. उचलायचं तर ओढावं लागेल. ओढलं की पिशवी ताणली जाणार, आणि ती बरोबर पेंटवरून जाते."

हेंकने वाकून पाहिलं. "आणि नाही उचललं तर?"

"हळूहळू कोमट होईल. बर्फ वितळेल, कड आपोआप सुटेल. पेंट मऊ झाला की हलवू, आणि आठवडा पुन्हा पहिल्यापासून मोजू. अर्धवट थंडीत अळ्या वाचू शकतात."

"शुक्रवारी उद्घाटन आहे."

"माहीत आहे."

"शोकेस रिकामी राहील."

"हो."

तो माझ्याकडे बघत राहिला. तो ओरडला असता तर मला चाललं असतं. तो ओरडला नाही, ते जास्त वाईट होतं. शेवटी म्हणाला, "डायरेक्टरला मी सांगतो. ग्रासिएलाला तू सांग."

ग्रासिएला हॉटेलच्या लॉबीत बसली होती. मी सांगत असताना तिचा चेहरा हलला नाही. माझं बोलणं झाल्यावर तिने तिथेच प्रेसिडेंटला फोन लावला. पलीकडून मोठमोठ्याने स्पॅनिश ऐकू येऊ लागलं. तिने फोन कानापासून लांब धरला, तो थकेपर्यंत थांबली आणि मग शाळेतल्या बाईंच्या आवाजात चार वाक्यं बोलली. फोन ठेवला.

"काय म्हणालीस?"

"जी बाई हात लावायला घाबरते, तिच्या हातात जर्सी सुरक्षित आहे, असं सांगितलं." मग जरा थांबून म्हणाली, "खरंच सुरक्षित आहे ना?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. तेच खरं होतं.

फ्रीझर थंडी सोडायला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वेळ लागला. कड सुटली. योस्टने आणि मी बोर्ड बाहेर काढला आणि बाजूच्या फ्रीझरमध्ये ठेवला. पिशवी उघडायची नव्हती, त्यामुळे बैलाचं काय झालं ते कळायला मार्ग नव्हता. प्लॅस्टिकवर पाण्याचे थेंब होते, आतलं नुसतं हिरवं दिसत होतं. पुन्हा आठवडा.

शुक्रवारी उद्घाटन झालं. हॉलच्या मधोमध दिवा लावलेली रिकामी शोकेस. डायरेक्टर माझ्याशी न बोलता पुढे गेल्या. लोक शोकेससमोर थांबायचे, पाटी वाचायचे, आत काही नाही म्हणून एकमेकांकडे बघायचे. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. ग्रासिएलाने तिकीट स्वतःच पुढे ढकललं होतं. थोड्या वेळाने ती शोकेसपाशी जाऊन उभी राहिली आणि कोणी थांबलं की सांगू लागली, शीतगृह, सदरे, कुंपण, बैल. मोडक्या इंग्रजीत. संध्याकाळ संपेपर्यंत तिचा घसा बसला होता.

शनिवारी त्यांची टीम हरली आणि खाली गेली. ग्रासिएलाने मला फक्त स्कोअर पाठवला. सोमवारी ती आली तेव्हा डोळे सुजलेले होते. तिने विचारलं, "किती अंश?" मी आकडा दाखवला.

आठवडा भरल्यावर फ्रीझर बंद करून जर्सी पूर्ण एक दिवस आत पिशवीतच राहू दिली. मग टेबलावर घेतली. हेंक, योस्ट, ग्रासिएला सगळे उभे. मी पिशवी कापली, कागद बाजूला केला आणि भिंग लावलं. कोपर टेबलावर टेकवलं.

शिंग शाबूत होतं. चिकटवलेला पापुद्रा जागेवर होता. नवा तडा एकही नाही. अळ्या मेल्या होत्या. काखेत मात्र एक भोक निघालं, माझ्या अंदाजापेक्षा बरंच मोठं. ते येण्याआधीच खाल्लं गेलेलं होतं, विष्ठा निघाल्यावर दिसलं इतकंच.

"शिवणार का?" योस्टने विचारलं.

"मागून जाळीचा आधार देणार. भोक राहील."

ग्रासिएला जर्सीकडे बघत होती. "राहू दे," ती म्हणाली. तिने दोन्ही हात पुन्हा मागे बांधले. मग आमच्यापैकी कोणाला न विचारता बाहेर गेली, आणि कॉरिडॉरमधून तिच्या रडण्याचा आवाज आला. आम्ही तिघं टेबलापाशी उगाचच चिमटे आवरत बसलो.

प्रदर्शन संपल्यावर जर्सी परत गेली. काही काळाने ग्रासिएलाचा मेसेज आला. क्लब अजून खालीच होता. प्रेसिडेंट अजूनही आमच्या फ्रीझरला दोष देत होता. तिचं मत असं, की टीमला लेफ्ट बॅक नव्हता.

आमच्याकडे त्यानंतर लोकरीची कोणतीही पेटी हॉलमध्ये उघडली गेली नाही, फोटोग्राफर कितीही घाईत असला तरी. नवीन लोकांना ट्रेनिंग देताना मी हा किस्सा सांगते. वस्तू वाचवायची म्हणजे काहीतरी केलं पाहिजे असं त्यांना वाटत असतं. त्यांना सांगते, या कामात कितीतरी वेळ हात न लावण्यात जातो. तो टाइमशीटच्या कुठल्या रकान्यात भरायचा, हे मात्र मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.