लांबच्या गार खोलीतली गाडी

पेठेतल्या शोरूमवाल्यानं माझ्या नवऱ्याला फसवलं. मला नाही. माझ्याशी त्याचा सौदा झाला, भाव मी म्हणेन तिथं आला, त्यात मी कुठं कमी पडले नाही. फसवले गेले आमचे मालक, आणि ते सौद्याच्या वेळी तिथं नव्हतेसुद्धा. घरी खुर्चीत बसून माझी वाट बघत होते.

मी चादरी-टॉवेलचा सेकंड माल विकते. कड वाकडी गेलेली चादर, एका टोकाला रंग फिका पडलेला टॉवेल, असलं काहीबाही कारखान्यांतून गठ्ठ्यानं उचलते. सुरुवातीला एसटी स्टँडबाहेर खांद्यावर गठ्ठा घेऊन उभी राहायचे. आज माझं स्वतःचं दुकान आहे आणि ते मला कुणी दिलेलं नाही. माझं तोंड तिखट आहे, हे गिऱ्हाईकच येऊन सांगतात. तरी परत येतात.

भाव करायला मी वडिलांकडून शिकले. आमच्याकडे शेरडं-मेंढरं होती. सांगोल्याच्या बाजारात वडील आधी जनावराचे दात बघायचे नाहीतर बघू द्यायचे, मग उपरण्याखाली समोरच्याचा हात धरायचे. बोटं दाबून आकडा सांगायचा. तोंडानं चकार शब्द नाही. सौदा झाला की शेळीच्या गळ्यातलं दावं सोडून ते आपल्या कमरेला गुंडाळायचे. जनावर द्यायचं, दावं द्यायचं नाही. दाव्यामागं गोठ्यातली बरकत जाते असं आमच्यात मानतात. वडिलांचं शेवटचं दावं आजही माझ्या घरात खिळ्याला आहे.

मालक ट्रकवर होते. हैदराबाद, विजापूर, कधी थेट चेन्नई. इतक्या वर्षांत गाडीला ओरखडा नाही, आणि हे ते स्वतः कधी सांगायचे नाहीत, दुसरे ड्रायव्हर सांगायचे. मग अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा, हात येईल. दाबायला रबरी चेंडू दिला. मालकांनी तो डाव्या हातानं खिडकीबाहेर फेकला.

तेव्हा पुण्याच्या लेकीनं गेमचा डबा पाठवला. टीव्हीला जोडायचा, सोबत दोन्ही हातांत धरायचा कंट्रोलर. त्यात ट्रक चालवायचा गेम होता. कुठल्यातरी परदेशातले रस्ते, ओल्या हिरव्या टेकड्या, पण गाडी ती गाडीच. पहिल्या दिवशी मालकांनी ती जागेवरून हलवली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. उजव्या हाताच्या बोटानं गियरचं बटण दाबायचं होतं. ते दाबता दाबता बोट वळायला लागलं.

ते गेमसुद्धा खऱ्यासारखाच खेळायचे. वळायच्या आधी इंडिकेटर, माणूस दिसला की वेग कमी. रस्त्यात एक लाल लोखंडी पूल लागायचा. पुलावर चढताना मालक दोनदा लाइट मारायचे, हैदराबाद रोडच्या कडेच्या देवळासमोर मारायचे तसे.

"अहो, तितं कुटलं देऊळ?" मी विचारायचे.

"हाय," म्हणायचे. एवढंच.

सहा-आठ महिन्यांत उजव्या हातानं त्यांनी चहाचा कप उचलला. मला म्हणाले, "बघ." मी भाकरी थापत होते, वळून बघितलं नाही, कारण मग मी रडले असते.

मग आपला उन्हाळा आला. तो डबा तापायला लागला. आतला पंखा गिरणीसारखा ओरडायचा आणि भर दुपारी सगळं आपोआप बंद व्हायचं. डब्याभोवती मी ओला टॉवेल टांगला, टेबलफॅन लावला. व्होल्टेज वर-खाली व्हायचं ते वेगळंच. गाडी अर्ध्या रस्त्यात विझली की मालक काळ्या टीव्हीकडे बघत बसायचे. म्हणून मी पेठेतल्या टीव्ही-मोबाइलच्या शोरूममध्ये गेले.

शोरूमवाला तिशीतला पोरगा, मंगळवेढ्याकडचा. मला बघून उठून उभा राहिला.

"मावशी, डबा कशाला पाहिजे आता? इंटरनेटवरनं खेळायचं. मशीन घरात नसतंच, मग तापणार काय?"

"मग तापतंय कुटं?"

तो हसला. "लांब असतं, मावशी. मोठ्या गार खोल्यांत. तुमच्याकडं नुसतं चित्र येतं. तुमच्या बोटाचा हुकूम तिकडं जातो, गाडी तिकडं चालते."

"आन् लाईन गेली की?"

"परत आली की गाडी आहे तिथंच. उलट डबा जळला तर सगळं जातं. डब्याचे दिवस संपले."

मी भावावर आले. तो आकडा सोडेना. मग मी पिशवीतून माझाच एक टॉवेल काढला आणि त्याच्या मनगटावर टाकला. बघणाऱ्यांना हसू आलं, पण त्याला खूण कळली. "आमचे आजोबा पण असंच करायचे," म्हणाला आणि टॉवेलखाली हात घातला. त्याचा हात गार होता. एसीत बसून असतो, त्यानं असेल. मी बोटं दाबली, त्यानं दाबली, मी सोडली नाहीत. शेवटी मी म्हटलेल्या भावात जुना डबा बदलीत घेऊन वर्षाची वर्गणी आणि नवा कंट्रोलर द्यायचं ठरलं.

जुना कंट्रोलर मात्र मी दिला नाही.

"मावशी, डब्याबरोबर तो लागतो."

"दावं देत न्हाय आमी."

"बरं बाई, ठेवा," म्हणाला. तो कंट्रोलर मी वडिलांच्या दाव्याशेजारी खिळ्याला टांगला.

टॉवेलखाली फक्त आकडा विचारता येतो. आधी दात बघायचे असतात, आणि या मालाला दात नव्हते. हाताळायला काहीच नव्हतं, म्हणून मी काही बघितलं नाही. भाव जिंकून घरी आले.

पहिल्या दिवसापासून गाडी मागं राहायला लागली. मालक बटण दाबायचे आणि ट्रक पापणी लवण्याइतक्या उशिरानं वळायचा. माझ्या डोळ्यांना ते कळलंसुद्धा नाही. त्यांना कळलं. वळणावर गाडी कठड्याला घासली. दुसऱ्या दिवशी परत. त्यांनी उजवा हात तोंडासमोर धरून कितीतरी वेळ न्याहाळला.

"हात... मागं ऱ्हातोय," म्हणाले.

"अहो, ते इंटरनेट मागं ऱ्हातंय!"

त्यांचा विश्वास बसेना. झटक्याआधीही हात असाच मागं राहिला होता, स्टिअरिंगवर, टेंभुर्णीच्या अलीकडं. त्यांना वाटलं, दुसरा झटका येतोय. चहाचा कप पुन्हा डाव्या हातात गेला. मी फोनवर शोरूमवाल्याला जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. तो घरी आला, टीव्हीत कुठंतरी आत शिरून काहीतरी चालू केलं.

"आता बघा काका. आता ते तुमचा हात शिकून घेतं. तुम्ही काय करणार ते त्याला आधीच कळतं. गाडी थांबून राहणार नाही."

आणि खरंच, गाडी मागं राहायची थांबली. चार दिवस घरात सणासारखं होतं. वळणं जुन्यासारखी सफाईनं जायला लागली. मग एकदा मी ताट वाढताना बघितलं. आधी इंडिकेटर लागला, आणि मग मालकांचं बोट हललं.

मी ताट पुढं ठेवलं. मला वाटलं, भूक लागली की डोळे असंच काहीतरी दाखवतात.

दुपारी मी दुकानाचं शटर ओढून जेवायला घरी येते. त्या वेळी आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा उन्हात नसतं. जिन्यावरच मला गियर बदलल्याचा आवाज आला. आत गेले. पडदे ओढलेले, टीव्हीचा हिरवा उजेड भिंतीवर. मालक खुर्चीत झोपलेले. तोंड थोडं उघडं. हात मांडीवर, तळवा वर. कंट्रोलर फरशीवर पडलेला.

गाडी चालली होती.

हळू नाही, वेडीवाकडी नाही. जशी ते चालवतात तशी. समोर माणूस आला, वेग कमी झाला. वळणाआधी इंडिकेटर. मी कंट्रोलर उचलला, त्यातला सेल काढून मुठीत घेतला. टीव्हीवर लाल पूल आला. ट्रक पुलाला लागला आणि दिवे दोनदा लागले.

"म्या न्हाय."

मी दचकून वळले. ते जागे होते. मला वाटतं, बराच वेळ जागे होते.

"म्या न्हाय चालवत," पुन्हा म्हणाले. त्यांचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. मी टीव्हीची वायर भिंतीतून उपटली. तरी खोलीत आवाज आहे असं वाटत राहिलं. आम्ही दोघंही ऐकत होतो, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

दुसऱ्या दिवशी शोरूम उघडायच्या आधीच मी पायरीवर होते.

"मावशी, घाबरायचं काय त्यात? सोय आहे ती. आजारी माणूस आहे, हात दुखू नये."

"त्यांचा हात दुकायलाच पायजे की! तेवड्यासाठी गेम हाय तो!"

"मग ते बंद करू?"

"सगळं बंद कर. खातं मोड. माझा डबा दे."

खातं मोडल्याचं त्यानं मला त्याच्या मोबाइलवर दाखवलं. डबा मात्र त्यानं मोडनिंबच्या एका हॉटेलवाल्याला विकला होता. मी भिंतीवरचा कंट्रोलर पिशवीत टाकून एसटीनं मोडनिंबला गेले. हॉटेलवाल्यानं डबा काउंटरखाली ठेवला होता, त्यावर कपबश्यांचे ट्रे. कंट्रोलर नाही म्हणून चालू करता येत नव्हता, असं वैतागून म्हणाला. मी कंट्रोलरचं बटण दाबलं. दिवा लुकलुकला, थांबला आणि स्थिर झाला. डब्यानं ओळखलं. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्यानं मागितला तोच भाव दिला.

घरी टीव्हीला जोडला. ट्रक जिथं सोडला होता तिथंच उभा, माल भरायच्या अंगणात. इंजिन धडधडत होतं. मी मालकांच्या हातात कंट्रोलर दिला. त्यांचं बोट बटणावर आलं आणि तिथंच राहिलं. दाबेना. ओठ घट्ट, कपाळावर घाम, पण बोट काही दाबेना. ट्रक उभाच. हा डबा तेवढा प्रामाणिक आहे. माणसानं सांगितल्याशिवाय तो हलत नाही. तापतो, ओरडतो, बंद पडतो, पण वाट बघतो. त्याच्या जागी ते इंटरनेटवरचं येऊ शकतं का, असं आता मला दुकानात पोरं विचारतात, कारण ही गोष्ट गल्लीत पसरलीय. चित्र तसंच येतं, मी सांगते. चित्राची तक्रार नाही माझी.

रविवारी लेकीचा फोन आला.

"आई, बाबांचं मस्त चाललंय की! सारखे गाडीवर दिसतात. किती किलोमीटर केले बघितलंस का?"

"कुटं दिसत्यात?"

"माझ्या मोबाइलवर. त्यांच्या नावापुढं हिरवा ठिपका असतो ना. आत्ता पण चालू आहे. थांब, फोटो पाठवते."

मालक माझ्यासमोर होते. डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडत होते. टीव्ही बंद, डबा बंद. फोटो आला. लाल पूल, पाऊस, आणि ट्रकचे दोन्ही दिवे लागलेले.

शोरूमवाला म्हणतो, नोंद अपडेट व्हायला वेळ लागतो. म्हणतो, कंपनीला मेल केलाय. म्हणतो, मावशी, पैसे परत देतो, विषय संपवा. पैशाचा भाव मला करायचाच नाही. खातं मोडलं असेल तर ते किलोमीटर कुणाचे वाढतायत? त्या गार खोलीत माझ्या माणसाचा हात शिकून बसलंय ते काय आहे? तो हात त्यांचा असेल, तर आमच्या घरातला का उघडत नाही? आणि त्यांचा नसेल, तर त्याला लाल पुलावरचं देऊळ कुणी दाखवलं?

त्याला एवढंच सांगते: उद्या दुपारी, गिऱ्हाईक नसतं त्या वेळी, मी तुझ्या शोरूममध्ये येणार आहे. मालकांनाही रिक्षात घालून आणणार आहे. टॉवेल आणणार नाही. त्यांच्या समोर उभा राहा, त्यांचा उजवा हात हातात घे आणि गाडी कोण चालवतंय ते तोंडानं सांग.