साडूंचा सांधा

उभ्या छिंदवाडा जिल्ह्यात माझ्या थोरल्या साडूंइतका सावकाश माणूस झाला नाही, आणि मी इतका कुणावर जळलोही नाही. ते पांढुर्ण्याला जनपद कार्यालयात बाबू, मी सौंसरला मास्तर. त्यांच्या गावातून मोठी लाइन जाते, दिल्ली-मद्रासच्या गाड्या धडधडत निघून जातात. आमच्याकडे तेव्हा छोटी लाइन, अरुंद रुळांची; तिची गाडी बैलगाडीला वाट देत देत यायची. दोन्ही गावं जोडणारी रेल्वे नाहीच. जायचं ते बसनं, आणि बस आमच्या हिला सोसत नाही, म्हणून आमचं जाणं सणावारीच. त्यात आमच्या मेहुण्यानं कुवेतहून दोघा जावयांना एकसारखी विजेवर चालणारी खेळण्यातली रेल्वे आणली: इंजिन, चार डबे आणि जोडायचे सुटे रूळ. मी तेव्हा चाळिशीचा, ते माझ्याहून मोठे, पण दोघांनीही ती पोरांच्या हाती लागू दिली नाही. मी टेबलावर रूळ मांडून पुठ्ठ्याचं सौंसर स्टेशन उभं केलं, तर साडू ते पाहून म्हणाले, "साडभाऊ, सौंसरले छोटी लाइन आहे. हे मोठ्या लाइनचं इंजिन. असं कुठं असते का?" मी स्टेशनावरची सौंसरची पाटी काढून टाकली.

पुढच्या खेपेला मेहुण्यानं चित्रांचं एक पुस्तक आणलं आणि विचारलं, एकेक सांधा आणतो, कोणता हवा ते सांगा. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तो हा सांधा. आखूड, लांब, डावा, उजवा, पानभर सांधे होते. आपला आधी यावा म्हणून मी उभ्या उभ्या आखूड सांगून मोकळा झालो. साडूंनी पुस्तक घरी नेलं आणि दोन वर्षं विचार केला. बैठकीच्या फरशीवर खडूनं रूळ आखले, पुठ्ठ्याचे सांधे कापून त्यांवर मांडले. सणाला गेलं की दारातच म्हणत, "मेन लाइनवर पाय नका देऊ, बाजूच्या लूपनं या." गोटमारीच्या, दगडफेकीच्या जत्रेच्या दिवशी अख्खं गाव जाम नदीवर असताना हे स्टेशनात उभे, सांध्यावर कोणता डबा किती हलतो ते पाहत. माझी मेहुणी वैतागली की शांतपणे सांगत, "पाहून राहिलो ना. एकदा बसवला का गाडीले त्याच वाटेनं जा लागते."

मी मनातून खूश होतो. पण माझा सांधा आला आणि त्याच्या आखूड वळणावर इंजिन दर तिसऱ्या फेरीला कलंडू लागलं. "झाला पहा जामसांवलीचा मारुती," आमची ही तिथल्या निजलेल्या मूर्तीवरून म्हणायची, "पडला आडवा." मग साडूंचा लांब, डावा सांधा आला, आणि त्यांची गाडी हूं की चूं न करता वळते असा निरोप आला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दिवाळीत आम्ही गेलो. खोट काढायची हे मी बसमध्येच ठरवलं होतं. लांब सांधा टेबलावर मावेना म्हणून साडूंनी धान्याची कोठी बाहेर काढून रूळ थेट खिडकीपर्यंत नेला होता. गाडी सांध्यावर वळली, एकही डबा हलला नाही, आणि ती खिडकीशी जाऊन थांबली. तिथं संत्र्याच्या पेटीच्या फळीचं एक स्टेशन होतं, काडीचा, माझ्यासारखा एक छत्रीवाला माणूस होता, आणि पाटीवर साडूंच्या कोरीव अक्षरात लिहिलं होतं: सौंसर.

मला हवी ती खोट मिळाली. मी म्हणालो, "पण सौंसरले छोटी लाइन आहे ना?"

साडू खाली पाहत हाताचा खडू पुसत राहिले. "मालूम आहे मले. म्हणून तर दोन वर्षं लागले, खोटी लाइन टाकाचं मन होत नव्हतं. पण अशी लाइन असती, तर तुम्ही दर आयतवारी आले असते."

आता साडू नाहीत आणि खिडकीपाशी पुन्हा धान्याची कोठी आली आहे. मी मात्र त्यांच्यावर अजून जळतो. रूळ दोघांकडे सारखेच होते, आणि माझ्या टेबलावर कुठंतरी पांढुर्णा मांडावं हे मला एकदाही सुचलं नव्हतं.